जखमांनी काढलेला नकाशा

व्हिएतनामच्या युद्धात डोक्याला जखम होऊन परतलेल्या अमेरिकन सैनिकांची एक नोंदवही आहे. विल्यम कॅव्हनेस नावाच्या मेंदूतज्ज्ञाने १९६७ ते १९७०च्या दरम्यान ती भरायला घेतली. त्याआधीच्या युद्धांत मेंदूत धातूचा तुकडा घुसलेला माणूस अनेकदा रणांगणावरच संपायचा. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर होती. जखमी जवान लवकर उचलला जायचा आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचायचा. घुसणारे तुकडेही बरेचदा बारीक आणि कमी वेगाचे असत. त्यामुळे कपाळाआड नाहीतर कानशिलाआड मेंदूचा एखादा भाग कायमचा गमावलेली, पण चालती-बोलती तरुण मुलं शेकड्यांनी घरी आली. पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी त्यांना पुन्हापुन्हा बोलावलं. ती मुलं बाप झाली, आजोबा झाली, तरी तपासण्या चालूच राहिल्या. दरम्यान सीटी स्कॅन आला होता. त्यावरून प्रत्येकाच्या मेंदूतली नेमकी कोणती जागा गेली आहे, याचा हिशेब मांडता येऊ लागला.

त्या हिशेबातून २००८ साली जे बाहेर आलं, ते वाचून मी आधी छपाईची चूक असावी असंच समजलो होतो.

मायकेल केनिग्स, जॉर्डन ग्राफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १९३ माजी सैनिक घेतले आणि त्यांच्यापैकी किती जणांना पुढे पीटीएसडी झाला ते पाहिलं. पीटीएसडी म्हणजे भीषण प्रसंग संपून वर्षं लोटली तरी तो मनात चालूच राहणं. त्यात झोपेतून दचकून उठणं येतं आणि जराशा आवाजाने घाम फुटणंही. युद्धावर जाऊन आलेले, पण मेंदूला काहीही न झालेले जे सैनिक तुलनेसाठी घेतले होते, त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के निघालं. मेंदूच्या इतर कुठल्या भागाला इजा झालेल्यांत ४० टक्के होतं. कपाळामागच्या भागाचा खालचा, मधला पट्टा दुखावलेल्यांत १८ टक्के. आणि कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढा अमिग्डाला नावाचा जो भाग असतो, त्याला इजा झालेल्यांत शून्य. एकालाही नाही.

अमिग्डालाचं एक वेळ समजता येतं, कारण भीतीच्या कारभारात त्याचा हात असतो हे आधीपासून माहीत होतं. चकवणारा आकडा आहे तो १८चा. तोवरचं पाठ्यपुस्तकी मत असं, की कपाळामागचा हा पट्टा अमिग्डालाला आवरून धरतो. मग तोच गेला तर भीती मोकाट सुटायला हवी. इथे घडलं ते नेमकं उलटं.

त्याच वर्षी त्याच सैनिकांवरून नैराश्याबद्दलही एक निबंध आला. कपाळामागचा खालचा-मधला भाग दोन्ही बाजूंनी गेलेल्यांना नैराश्य कमी प्रमाणात झालं होतं. वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग दोन्हीकडून गेलेल्यांना ते जास्त झालं होतं. कवटीच्या आत एकमेकांपासून फार तर काही सेंटिमीटरवर असलेल्या या दोन जागा. एक गेली तर मन उदासीपासून काहीसं वाचतं, दुसरी गेली तर उदासीत रुततं.

(खालचा भाग गेलेली ही माणसं सुखी झाली, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. त्या भागाच्या जखमेने माणसाचा विवेक आणि इतरांच्या भावनांची कदर दुबळी होऊ शकते. नैराश्य नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असं नसतं.)

मेंदूच्या जखमा आणि स्वभाव हा विषय निघाला की फिनिअस गेजचं नाव हटकून येतं. १८४८मध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंग उडाला आणि लोखंडी पहार ज्याच्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली, तो हा माणूस. त्याची गोष्ट थरारक आहे, पण ती एकाच माणसाची. पुढे त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकून पोट भरलं, हा भाग सांगणारे विसरतात. एका माणसावरून दंतकथा तयार होते. शेकडो माणसांच्या जखमा एकावर एक ठेवून पाहिल्या तर मात्र नकाशा उमटू लागतो, आणि पुढची सगळी हकीकत त्या नकाशाची आहे.

तुमच्या-आमच्या ओळखीतल्या माणसाच्या डोक्याला लागतं ते असं नव्हे. तिथे तुकडा घुसत नाही, कवटी बऱ्याचदा फुटतही नाही. दुचाकी घसरते, डोकं दुभाजकावर आपटतं, आणि आतला मऊ मेंदू कवटीत पुढे-मागे हिंदकळतो. कपाळाच्या आणि कानशिलाच्या आतलं हाड खडबडीत असतं, म्हणून नेमके तेच भाग खरचटतात, आणि भावनांचा बराचसा कारभार तिथूनच चालतो. शिवाय डोकं गर्रकन वळलं तर मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. १९५६मध्ये सबिना स्ट्रिच या संशोधिकेने अशा रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हे तुटलेले तंतू दाखवले. साध्या सीटी स्कॅनवर ते सहसा दिसत नाहीत. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं सांगून घरी पाठवलेला माणूस तीन महिन्यांनी जेवणाच्या ताटावरून उठून जातो, पोरांवर खेकसतो, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतो, आणि घरचे एकमेकांत म्हणतात, ‘अपघातापासून हा आपला राहिलाच नाही.’

हे अपवादाने घडत नाही. सिएटलमधल्या एका मोठ्या रुग्णालयात डोक्याला मार लागून दाखल झालेल्या ५५९ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५३ टक्के लोकांना वर्षाच्या आत कधी ना कधी नैराश्याचा आजार झाल्याचं आढळलं, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनाही त्यावर उपचार मिळाले नव्हते. ते शहर अमेरिकेतलं. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे आणि जखमींचा आकडा चार लाखांच्या वर आहे. त्यांच्यातले कितीतरी जण हेल्मेट हँडलला अडकवून निघालेले असणार. हाड जुळलं का, टाके सुकले का, हे आपण विचारतो. मनाचं काय झालं, हे विचारण्याचा रिवाज नाही.

औषधं असतात, समुपदेशन असतं, त्यांचा अनेकांना उपयोगही होतो. सगळ्यांना होत नाही. अशांसाठी जे नवं साधन पुढे येत आहे, त्याचं नाव टीएमएस: कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला चेतवणं.

नाव काढताच घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, ‘म्हणजे शॉक देणार का?’ नाही. शॉकच्या उपचारात भूल देऊन विजेने मुद्दाम फिट आणतात. इथे माणूस जागा असतो, खुर्चीत बसून डॉक्टरांशी गप्पा मारत असतो. त्याच्या डोक्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं टेकवलेलं असतं, बहुतेक इंग्रजी आठच्या आकाराचं. त्या तारेतून क्षणार्धात प्रचंड प्रवाह सोडतात. त्याबरोबर चुंबकीय क्षेत्र उसळतं, एमआरआयच्या यंत्राच्या तोडीचं, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात मावळतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१मध्येच दाखवलं होतं. ते आपण शाळेत पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. इथे वाहक म्हणजे तारेचा तुकडा नसून माणसाचा मेंदू. हाड आणि कातडी चुंबकाला अडवत नाहीत. वीज थेट आतल्या पेशींमध्येच जागी होते.

१९८० साली ब्रिटनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी टाळूवरून थेट विजेचा झटका देऊन मेंदू चेतवून पाहिला होता. हात हलला, पण दुखायचं फार. मग १९८५मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर चुंबकाचं वेटोळं डोक्यावर धरलं. खट्‌ असा आवाज झाला आणि समोरच्या माणसाचं बोट आपोआप उडालं. तो माणूस मजेत होता. त्याने बोट हलवायचं ठरवलं नव्हतं, तरी ते हललं होतं, आणि दुखलं काहीच नव्हतं. हे मला आजही जादूटोण्याच्या फार जवळचं वाटतं.

आजही उपचाराची सुरुवात या बोटापासूनच होते. हाताची हालचाल चालवणाऱ्या जागेवर वेटोळं धरायचं आणि अंगठा उडेपर्यंत जोर वाढवत न्यायचा. अंगठा उडाला की त्या माणसाच्या मेंदूला किती मात्रा लागते ते कळतं, कारण प्रत्येकाच्या कवटीची जाडी निराळी आणि पेशींची संवेदनाही निराळी. मग वेटोळं पुढे सरकवायचं, डाव्या कपाळाच्या वरच्या, बाहेरच्या भागावर. नैराश्यात हा भाग मंदावलेला असतो, असं जुन्या मेंदूचित्रणांवरून वाटत होतं. पण पुढे किती सरकवायचं? बरीच वर्षं उत्तर होतं, पाच सेंटिमीटर. पट्टी घ्या, अंगठ्याच्या जागेपासून मोजा आणि चालू करा. डोकं लहान असो वा मोठं, पाच म्हणजे पाच. मेंदूसारख्या गुंतागुंतीच्या अवयवावर इतक्या ढोबळ मापाने उपचार चालले आणि तरीही कित्येकांना बरं वाटलं! अमेरिकेच्या औषध नियामकांनी नैराश्यासाठी पहिल्या यंत्राला २००८मध्ये परवानगी दिली. तेव्हा एकेक बैठक ३७ मिनिटांची असायची. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या ४१४ रुग्णांवरच्या चाचणीत असं दिसलं, की स्पंदनांची लय बदलली तर तीन मिनिटांची बैठकही तितकंच काम करते. तीन-तीन स्पंदनांचे झपाट्याचे गुच्छ, सेकंदाला पाच, अशी ती लय. उंदरांच्या मेंदूत शिकताना आणि आठवताना जी लय सापडते, तिच्यावरून ती उचललेली आहे.

तरी एक कोडं राहतंच. चुंबकाचा जोर कवटीपासून दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे ओसरतो. नैराश्यात जी जागा बरेचदा पेटलेली आढळते, ती मात्र दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीत खोलवर आहे. मेंदूच्या नकाशातला तिचा क्रमांक २५. हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी टोरोंटोला सहा रुग्णांच्या मेंदूत तिथवर बारीक तार नेली होती; त्याचा अहवाल २००५मध्ये आला. कुठल्याच उपचाराला दाद न दिलेल्या त्या सहांपैकी चार जण बरेच सुधारले. काहींना तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, तारेत प्रवाह सोडताक्षणी, खोलीतले रंग उजळल्यासारखे वाटले. पण त्यासाठी कवटीला भोकं पाडावी लागतात. चुंबक तिथे पोचत नाही. मग त्याने उदासी हटते ती कशी?

जुन्या वाड्यांत दाराशी दोरी असायची. ती ओढली की आत माजघरात घंटा वाजायची. २०१२मध्ये मायकेल फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं ते हेच. कपाळावरच्या कोणत्या जागी चुंबक धरल्याने रुग्ण जास्त सुधारले, हे त्यांनी तपासलं. ज्या जागांचं चलनवलन क्रमांक २५च्या नेमकं विरुद्ध चालतं, म्हणजे ही वर चढली की ती खाली उतरते, त्या जागांवर गुण जास्त आला होता. पाच सेंटिमीटरच्या पट्टीने कुणाच्या नशिबी दोरी हाती लागायची, कुणाच्या नशिबी भिंत.

आणि आता परत त्या सैनिकांकडे येऊ. शान सिद्दिकी, फॉक्स आणि त्यांच्या बोस्टनमधल्या गटाने २०२१मध्ये १४ निरनिराळ्या अभ्यासांतली ७१३ माणसं एकत्र केली. त्यांत मेंदूला इजा झालेले होते, पक्षाघाताचे रुग्ण आणि व्हिएतनामहून परतलेले सैनिक धरून. चुंबकाचे उपचार घेतलेले होते. मेंदूत तार बसवलेलेही होते. प्रत्येकाच्या बाबतीत एकच जागा टिपायची: इजा झाली ती, किंवा चेतवली ती. मग एक हजार निरोगी लोकांच्या एमआरआयवरून बनवलेल्या जोडणीच्या तक्त्यात पाहायचं, की ती जागा मेंदूच्या आणखी कोणकोणत्या भागांशी जोडलेली असते. जागा सगळ्या वेगवेगळ्या होत्या, जोडण्यांचं जाळं मात्र एकच निघालं. ज्या जाळ्यावर घाव पडला की माणूस नैराश्यात जातो, तेच जाळं चेतवलं की तो त्यातून वर येतो. कुठे शेतात फुटलेल्या बॉम्बचा तुकडा, कुठे दवाखान्यातलं तांब्याचं वेटोळं, कुठे सर्जनने अलगद सोडलेली तार. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या या तीन गोष्टी एकाच रेषेवर बोट ठेवतात. विज्ञानात असं जुळून येणं फार क्वचित पाहायला मिळतं.

सिद्दिकी यांनी त्याआधी, सेंट लुईसला असताना, जाळ्यावरून जागा निवडण्याचा हा विचार डोक्याला मार लागलेल्या लोकांवरच पडताळून पाहायला घेतला होता. अशा रुग्णांच्या बाबतीत पट्टी तर सोडाच, सरासरी नकाशाही पुरत नाही. तुटलेल्या तंतूंमुळे प्रत्येकाची जाळी आपापल्या परीने सरकलेली असते. म्हणून त्यांनी प्रत्येकाचा वेगळा एमआरआय काढला, माणूस काहीही न करता नुसता पडून असताना मेंदूचे कोणते भाग बरोबर उठतात-बसतात ते पाहिलं आणि त्यावरून ज्याची-त्याची जागा ठरवली. डाव्या बाजूला चेतवणारी स्पंदनं, उजव्या बाजूला शांतवणारी, अशा २० बैठका. रुग्ण अवघे १५. काहींना खरं चुंबक, काहींना नुसता आवाज करणारं खोटं, आणि कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. २०१९मध्ये निकाल आला. खऱ्या गटात नैराश्याचे गुण सरासरी ५६ टक्क्यांनी उतरले, खोट्या गटात २७ टक्क्यांनी.

मला त्या २७ टक्क्यांचंही कुतूहल वाटतं. रोज घरातून बाहेर पडणं, कुणीतरी आस्थेने ‘आज कसं वाटतंय?’ विचारणं, आपल्यासाठी काहीतरी चाललं आहे ही जाणीव, एवढ्यानेही चतुर्थांश भार उतरत असावा. नेमकं एवढंच आपल्याकडच्या कित्येकांना मिळत नाही.

पंधरा माणसांवरून ढोल पिटू नये, हेही खरं. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अशाच रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या चुंबकाने नैराश्यात सारखाच फरक पडला. बाल्टिमोरमधल्या आणखी एका चाचणीतही म्हणावा तसा गुण आला नाही. त्या चाचण्यांत प्रत्येकाच्या जाळ्याप्रमाणे जागा निवडलेली नव्हती म्हणून असं झालं, की सेंट लुईसचा निकालच लहान गटामुळे फुगला होता, हे मोठी चाचणी झाल्याशिवाय ठरणार नाही. माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे, पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

दरम्यान नकाशाची उरलेली पानं भरली जात आहेत. २०२४मध्ये त्याच १९३ सैनिकांचे जुने स्कॅन सिद्दिकींच्या गटाने नव्या पद्धतीने वाचले. ज्यांना पीटीएसडी झाला नाही, त्यांच्या जखमा कोणत्या जाळ्यावर पडल्या होत्या ते शोधलं, आणि त्यावरून चुंबक कुठे धरावं याची जागा सुचवली. युद्धाच्या आठवणींपासून काहींना वाचवणारी जखम, आता जखम न करता तिची नक्कल करायची! वेगळ्या दिशेने, निकोलस शिफ आणि जेमी हेंडरसन यांनी, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डोक्याला जबर मार लागलेल्या पाच जणांच्या मेंदूत थॅलॅमस या मधल्या भागात तारा बसवल्या. अपघाताला वर्षं उलटून गेलेली ही माणसं होती. लक्ष आणि चपळाई मोजणाऱ्या परीक्षेतला त्यांचा वेग सरासरी ३२ टक्क्यांनी वाढला. तो उपचार भावनांसाठी नव्हता. पण पुस्तकाच्या पानावर लक्ष टिकत नाही म्हणून खचलेल्या माणसाला वेग आणि मन ही दोन खाती वेगळी वाटत नसावीत.

या सगळ्यात एक विसंगती मला बोचते. नैराश्यावरच्या चुंबकोपचाराच्या ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत डोक्याला जबर मार लागलेल्यांना सहसा घेतच नसत. कारण रास्त आहे. दुखावलेल्या मेंदूत फिट येण्याची शक्यता मुळात जास्त असते आणि चुंबकाने क्वचित का होईना फिट येऊ शकते. कवटीत धातूची क्लिप किंवा तुकडा असेल तर तो तापण्या-हलण्याची भीती वेगळीच. त्यामुळे झालं असं, की ज्यांच्या जखमांवरून जागा कळत गेल्या, त्यांच्यासारख्यांनाच उपचाराच्या रांगेतून बाजूला ठेवलं गेलं. डोक्यात धातू घेऊन जगणाऱ्या त्या माजी सैनिकांपैकी कित्येकांना तर आजही या खुर्चीत बसता येणार नाही. बंद जखमवाल्यांसाठी दार हळूहळू किलकिलं होत आहे. मुंबई-पुण्यातही आता हे यंत्र आहे. तिथे जाणाऱ्याने जुन्या अपघाताची आणि कधी फिट आली असेल तर तिचीही गोष्ट आपणहून सांगावी, वीस वर्षांपूर्वीची असली तरी. डॉक्टर मात्रा आणि जागा त्यावरूनच ठरवणार असतात, आणि कधीकधी ‘तुमच्यासाठी हे नको’ असंही त्यावरूनच सांगतात.